पिवळ्या उजेडाची चूक

वऱ्हाडात काय बघायला गेली होतीस, असं परत आल्यापासून मला चार जणांनी विचारलं. पुण्यातली माणसं सुटी मिळाली की कोकणात उतरतात, नाहीतर महाबळेश्वर गाठतात. अकोला, अमरावती ही त्यांच्या लेखी रेल्वेच्या वेळापत्रकातली नावं. मीही त्यातलीच. अठ्ठावन्न वर्षांत दोनदा नागपूरला जाऊन आले, दोन्ही वेळा वऱ्हाड माझ्या झोपेत मागे पडलं. या वेळी तिथे पाच दिवस राहिले. बघायला म्हणून गेलेच नव्हते. प्रणिता नावाच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची माफी मागायला गेले होते. बघणं आपोआप झालं.

कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मी पुण्याच्या एका संस्थेत पेशींवर संशोधन करते. समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात एक प्रथिन असतं. त्याच्यावर निळा उजेड पाडला की ते हिरवं चमकतं. त्यात थोडे फेरफार करून शास्त्रज्ञांनी त्याची निळसर आणि पिवळी भावंडं तयार केली. आम्ही ती दिव्यांसारखी वापरतो. पेशीतली दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात का हे बघायचं असेल, तर एकाच्या टोकाला निळसर दिवा जोडायचा, दुसऱ्याच्या टोकाला पिवळा. मग निळसर दिव्यालाच लागू पडेल असा जांभळा उजेड टाकायचा. दोघं लांब असतील तर निळसरच दिसतं. पण केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहून कमी अंतरावर ते आले, की निळसर दिवा आपली ऊर्जा स्वतः न उजळता शेजारच्याला देऊन टाकतो. निळसर मंद होतो आणि पिवळा चमकतो. पिवळं दिसलं, म्हणजे ही दोन प्रथिनं जोडीनं वावरतात, असं आम्ही लिहितो.

आमच्या प्रयोगशाळेत असं सुंदर पिवळं दिसलं होतं. त्यावर आमचा शोधनिबंध उभा होता.

पण या दिव्यांना मुळातच एक खोड आहे. ते एकमेकांना किंचित चिकटतात. पेशीच्या पातळ पडद्यावर त्यांची दाटी झाली की दिवेच दिव्यांशी जोड्या करतात, आणि ज्या प्रथिनांना ते लावलेत त्यांचा एकमेकांशी काही संबंधही नसतो. दिवा म्हणजे शेवटी प्रथिनच, लहान लहान दुव्यांची साखळी; त्यातला एकच दुवा बदलला की ही खोड जाते. हे पुस्तकात छापलेलं होतं, कित्येक प्रयोगशाळा बदललेलेच दिवे वापरत होत्या. मलाही ते माहीत होतं. आमचे दिवे मी परदेशातून स्वतः आणलेले, जुने. ते इतके छान चमकत होते की आपल्याकडे दाटी नाही असं मी धरून चालले.

प्रणिता तेव्हा पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होती. परतवाड्याजवळच्या एका संत्र्याच्या मळ्यातून आलेली, कमी बोलणारी मुलगी. तिनं मला दोनदा सांगितलं की मॅडम, तो दुवा बदलून बघू. मी म्हटलं, वेळ नाही. तिनं सुट्यांच्या दिवशी येऊन स्वतःच तो बदल केला, आणि पिवळं गेलं. सगळं निळसर राहिलं. मी म्हटलं, तुझा नवा दिवा नीट घडलेला नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं ते आमच्या सोमवारच्या बैठकीत मांडलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, “हात स्थिर नसले की असे निकाल येतात.”

निबंध तिच्या प्रयोगाशिवाय छापून आला. चार महिन्यांनी तिनं ‘घरगुती अडचण’ असं लिहून काम सोडलं. मी सही केली. यंदा एका नव्या विद्यार्थ्यानं वेगळ्याच कारणासाठी तो बदल केला आणि घाबरत माझ्याकडे आला. पिवळं गेलं होतं. आम्ही आणखी तीन वेगळ्या रीतीनं तपासलं. ती प्रथिनं एकमेकांना भेटतच नव्हती.

मग निबंध मागे घ्यायचं ठरलं. छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवायचं तसं पत्र तयार केलं. प्रणिताला दोन ईमेल पाठवल्या, उत्तर आलं नाही. फोन नंबर मिळाला होता, पण फोनवर दोन मिनिटांत आटपून टाकणं मला फार सोपं गेलं असतं. ती अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते एवढं कळलं होतं. मी तिकीट काढलं.

अकोला

माझी वसतिगृहातली मैत्रीण सुलभा अकोल्याची. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती पुढे वकील झाली आणि तीस वर्षं इथल्या कोर्टात काम करते. जठारपेठेत खाली औषधाचं दुकान आणि वर तिचं घर. अमरावतीच्या आधी एक दिवस तिच्याकडे काढायचा, असा बेत होता. खरं तर तो धीर गोळा करण्याचा दिवस होता.

सकाळी सकाळी तिनं पुढ्यात तर्री-पोहे ठेवले. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरतात. इथे त्यावर हरभऱ्यांचा लालभडक रस्सा ओततात, इतका की पोहे बुडतात. पहिल्या घासाला कान गरम झाले. दुसऱ्या घासाला मला ते आवडायला लागलं. तिसरा घास घेताना चमचा निसटला आणि तर्री थेट माझ्या फायलीवर उडाली. पत्राच्या कोपऱ्यावर तेलाचा लाल डाग पसरला.

सुलभानं कागद उचलला, फडक्यानं टिपला आणि टिपता टिपता वाचायला लागली. मग चष्मा लावला. मग पेन्सिल घेतली.

पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मतलब असा, की पुढील तपासणीत सदर निष्कर्ष दिव्यांच्या परस्पर चिकटण्यामुळे आल्याचे आढळून आले आहे, तरी निबंध मागे घेण्यात यावा. खाली एक ओळ होती, पूर्वी केलेल्या काही प्रयोगांमध्येही अशी शक्यता दिसून आली होती.

“आढळून आलं म्हणजे कोणाला आढळून आलं?” सुलभा म्हणाली. “आणि कधी?”

मी म्हटलं, असल्या पत्रांची भाषा अशीच असते.

“माहीत आहे मला. आरोपीच्या बाजूनं मी रोज लिहिते असली. या पत्रात सगळं आपोआप घडून राहिलं आहे. माणूसच नाही यात. तू हे घेऊन तिच्याकडे जाऊन राहिली?”

तिचं मराठी पुण्यात शिकलेलं, पण चिडली की आतलं वऱ्हाडी वर येतं. नाहीतरी डाग पडल्यामुळे ते पुन्हा लिहावं लागणारच होतं. दुपारभर तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी ते हातानं पुन्हा लिहिलं. प्रत्येक वाक्यात कोणी काय केलं ते घालायचं, एवढंच करायचं होतं. पाच ओळींना चार तास लागले.

संध्याकाळी ती मला मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात घेऊन गेली. नदी म्हणावं असं पाणी तिला नव्हतं. पुलाच्या पलीकडे मात्र रस्ता एकदम अरुंद झाला, आणि गल्ल्यांमध्ये दोर, घमेली, मिरच्यांची पोती, पिंजलेल्या कापसाचा ढीग असं सगळं अंगाला लागूनच. पुण्याहून मी मिठाईचा एक डबा आणला होता. मळ्यातल्या मुलीला तो देऊ नकोस, असं सुलभानं सांगितलं आणि एका दुकानातून जवसाची चटणी बांधून घेतली. मी म्हटलं, त्यांच्याच भागातली चटणी त्यांनाच न्यायची? ती म्हणाली, घरी नेली तर तिच्या आईला निदान कळेल तरी की हे खायचं कशाशी. दुकानदारानं मला तोंडभर हसून विचारलं, “कोठच्या तुमी? कावून आल्या?” कावून म्हणजे कशाला. आपल्याकडे अनोळखी माणूस हवेपासून सुरुवात करतो आणि मूळ प्रश्नापर्यंत पोचतच नाही. इथे पहिलाच प्रश्न तो असतो. पुढच्या चार दिवसांत मला तो इतक्या जणांनी विचारला की उत्तर हळूहळू आखूड आणि खरं होत गेलं.

चुकीची बस

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीची म्हणून जी बस पकडली, ती दर्यापूरची निघाली. पाटी मी वाचली होती. डोक्यात दुसरंच चालू होतं. कंडक्टरनं तिकिटाच्या वेळी सांगितलं तेव्हा बस गावाबाहेर पडलेली. तो म्हणाला, दर्यापूरहून अमरावतीला गाडी भेटते, बसून राहा.

बसून राहिले ते बरं झालं. हा रस्ता पूर्णा नदीच्या खोऱ्यातून जातो. इथे जमिनीखालचं पाणी खारं आहे, म्हणून या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि विहिरीत मीठ. दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, फुटलेल्या बोंडांचा पांढरा कापूस, आणि मध्ये पिवळ्या फुलांवर आलेल्या तुरीच्या ओळी. आमच्याकडे नजर कुठल्या ना कुठल्या डोंगराला जाऊन थांबते. इथे ती थांबतच नाही. पहिला अर्धा तास मला त्याचं दडपण आलं, मग सवय झाली.

शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं की कावून चालल्या. मी सांगितलं, माझ्या एका विद्यार्थिनीला भेटायला.

“लग्न हाय तिचं?”

“नाही. माझी तिच्याशी चुकीची वागणूक झाली होती.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, किती साल झाले. मी म्हटलं, सहा. दर्यापूरला उतरताना त्यांनी माझी पिशवी खाली घेऊन दिली आणि अमरावतीची बस कोणत्या फलाटावर लागते ते हात करून दाखवलं.

अमरावती

कॉलेजात पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि प्रणिता रजेवर होती. हे मला प्रयोगशाळेतल्या मदतनीस नंदाताईंनी सांगितलं. घरी संत्र्याची तोड चालू होती, सोमवारी येणार होती. मला काय करावं सुचेना. ताईंनी बसायला स्टूल दिलं आणि पाणी आणायला गेल्या.

खोली साधी. जुनी काचेची कपाटं, चार सूक्ष्मदर्शकं, खिडकीशी एक पुठ्ठ्याचं मोठं खोकं आतून काळं रंगवलेलं. त्याला डोळे लावायला दोन भोकं होती आणि बाजूला एक जांभळी टॉर्च, दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसली. खोक्याशेजारी तीन बाटल्या. एकीत हळदीचं साबणाच्या पाण्यातलं मिश्रण, एकीत तेच मिश्रण पण त्यात गुलाबी रंगाचा थेंब, एकीत नुसतं साबणाचं पाणी. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावरचं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं. लिहिलं होतं: ‘आधी कोरी बाटली बघा.’

नंदाताईंनी मला टॉर्च पेटवून दाखवली. कोरी बाटली काळीच राहिली. हळदीची हिरवट पिवळी उजळली. गुलाबी थेंबाची नारिंगी. हळद आपली ऊर्जा त्या रंगाला देते म्हणून, असं त्यांनी पोरींना सांगतात तसंच मलाही सांगितलं. मग म्हणाल्या, “पन मॅडम म्हनतात, हे पूर्न खरं नाई. थो गुलाबी रंग हळदीचा उजेड नुसता पिऊनबी टाकते. किती देल्लं अन् किती पिल्लं, हे इथं समजत नाई. म्हून पोरीईले एकीत हळद अन् एकीत नुसता रंग, अशा दोन बाटल्या मागंपुढं ठेवून दाखोतात.”

मी स्टुलावर बसून राहिले. बाटल्या मागेपुढे ठेवल्या की रंग एकमेकांच्या जवळ येत नाहीत, तरी थोडं नारिंगी दिसतंच. तेवढं खोटं, आणि बाकीचं कदाचित खरं. पुठ्ठ्याच्या खोक्यात तिनं ते करून ठेवलं होतं. माझ्या संस्थेतलं यंत्र एका अख्ख्या खोलीत मावत नाही.

नंदाताईंना मी पुण्याहून तिच्या जुन्या मॅडम म्हणून आले आहे एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. माझी काहीच तयारी नव्हती.

पलीकडून प्रणिता म्हणाली, “मॅडम, तुम्ही अमरावतीत आहात?”

मी हो म्हटलं. तुझ्याशी बोलायचं आहे म्हटलं.

“ईमेल मी वाचल्या होत्या,” ती म्हणाली. “तोड सोडून मला निघता येणार नाही. उद्या इकडे या. बाबा परतवाड्याच्या स्टँडवर येतील.”

रात्री राहण्यापुरतं एक लॉज शोधलं. संध्याकाळी भूक नव्हती, तरी नंदाताईंनी आवर्जून सांगितलं म्हणून गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा दह्यात बुडवलेला, वर तिखट-गोड चटण्या. आमच्या दहीवड्याचा चुलत भाऊ, पण आमचा सौम्य आणि हा तापट. दोन खाल्ले.

परतवाडा

अमरावतीहून उत्तरेला निघालं की तासाभरानं क्षितिजावर एक निळी रेघ उमटते. ती सातपुड्याची. परतवाडा त्याच्या पायथ्याशी, मेळघाटात जाणाऱ्यांचं शेवटचं मोठं बाजाराचं गाव. स्टँडबाहेर जीपवाले चिखलदऱ्याचा, धारणीचा पुकारा करत होते. डोंगरातून आलेल्या बायका मोठमोठी ओझी उतरवत होत्या, आणि सगळ्या हवेला संत्र्याच्या सालीचा वास होता.

प्रणिताचे वडील छोटी मालवाहू गाडी घेऊन आले होते, मागे प्लास्टिकचे रिकामे क्रेट. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. त्यांनी मला पुढे बसवलं, माझी पिशवी मांडीवरून घेऊन मागे नीट ठेवली आणि गाडी गावाबाहेर काढली. मग रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “कावून आल्या मॅडम, इतल्या वर्सानं?”

मी म्हटलं, “भाऊ, माझी चूक झाली होती. प्रणिताचा प्रयोग बरोबर होता आणि मी तो चूक ठरवला. ते सांगायला आले.”

समोरून उसाची बैलगाडी आली, तिला त्यांनी वाट दिली. मग हळू आवाजात बोलायला लागले. ती घरी आली तेव्हा तीन महिने कोणाशी धड बोलली नव्हती. आईनं विचारलं तर उठून जायची. त्यांना वाटलं, पोरीच्या हातून तिकडे काहीतरी मोठी चूक झाली असणार. एवढी मोठी संस्था, एवढी शिकलेली माणसं, ती उगाच कशाला काढतील. म्हणून त्यांनी कधी विचारलंच नाही, तिला लाज वाटू नये म्हणून.

“म्हंजे पोरगी बरोबर होती?”

“हो.”

“पूर्न?”

“पूर्ण.”

त्यांनी मान हलवली. पुढे मळा येईपर्यंत गाडी फार सावकाश चालवली. मला वाटतं त्यांना घरी पोचायची घाई नव्हती.

माझ्या मनात त्या सहा वर्षांत पुष्कळ काही येऊन गेलं होतं. निबंधाचं, संस्थेचं, माझ्या नावाचं. पण माझ्या एका वाक्यानं एका बापानं आपल्या मुलीला मनातून चुकीचं धरलं असेल, हे कधी आलं नव्हतं.

मळ्यात तोड जोरात होती. माणसं शिड्यांवर, बायका खाली बसून फळं निवडत होत्या, मोठं एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात, डागाळलेलं बाजूला. प्रणिता त्यांच्यातच बसली होती, डोक्याला रुमाल, अंगात वडिलांचा जुना सदरा. मला बघून उठली, हात पुसले आणि म्हणाली की आधी जेवून घ्या.

जेवण झाडाखाली झालं. ज्वारीची भाकरी, तुरीचे ओले दाणे घातलेली वांग्याची भाजी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा. ओल्या तुरीच्या दाण्यांना इथे सोले म्हणतात. अशी भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. ठेचा मात्र चटणी समजून भाकरीवर पसरला आणि माझी बोलती बंद झाली. तिच्या आईनं गुळाचा खडा पुढे केला, हसू दाबत. जवसाची चटणी मी त्यांना दिली तेव्हा त्यांनी वास घेतला आणि विचारलं, अकोल्याच्या जुन्या शहरातली ना? सुलभाचा अंदाज बरोबर होता.

जेवणानंतर सगळे पुन्हा कामाला लागले आणि आम्ही दोघीच उरलो. मी पाठ करून आले होते ते सगळं विसरले. म्हणाले, “प्रणिता, तू बरोबर होतीस. मी ऐकायला हवं होतं. आणि बैठकीत मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मला माफ कर.” मग पत्र तिच्या हातात दिलं.

तिनं ते दोनदा वाचलं. त्यात आता असं होतं, की ही तपासणी प्रणिता गावंडे यांनी तेव्हाच तीन वेळा केली होती, तिचा निकाल स्पष्ट होता, आणि तो मी बाजूला ठेवला.

“तीन नाही, चार,” ती म्हणाली.

“चौथा कोणता?” मी विचारलं.

ती शांतपणे सांगत गेली. बैठकीनंतर तिनं आणखी एक प्रयोग केला होता. जोरदार उजेडानं पिवळा दिवा जाळून विझवायचा आणि निळसर पुन्हा उजळतो का ते बघायचं. निळसर ऊर्जा देत असेल तर शेजारी विझल्यावर तो परत उजळणारच. जुन्या दिव्यांमध्ये उजळला, बदललेल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. म्हणजे शंकेला जागाच उरली नव्हती. तो तिच्या वहीत शेवटच्या पानांवर आहे.

“मला का नाही दाखवलंस?”

“तुम्ही हाताबद्दल बोलला होता, मॅडम. मग मी काहीही दाखवलं असतं तरी ते त्याच हातानं केलेलं राहिलं असतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड गेलं. मी पेन काढून तीनचं चार केलं. पीएचडी पूर्ण करायला ये, मी सगळी व्यवस्था करते, असंही म्हटलं. तिनं नाही म्हटलं. इथे तिला बरं होतं. मुली चांगल्या होत्या, तिला शिकवायला आवडतं हे तिला इथे आल्यावर कळलं होतं. ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

“पत्रात माझं नाव राहू द्या,” ती म्हणाली. “ते माझं काम आहे. पण एक सांगू? तुम्ही मला झाडाखाली सांगितलं, ते पोचलं. तेव्हाचं मात्र बावीस माणसांसमोर बोलला होता. सोमवारी माझ्या वर्गात या. मुलींना हे सगळं सांगा. जसं झालं तसं. फक्त माझं नाव घेऊ नका.”

मी हो म्हटलं. निघायच्या वेळी तिच्या वडिलांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेली संत्री आणली. प्रणिता क्रेट उचलत होती. त्यांनी तिच्या हातातून तो घेतला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्या मजुरांसमोर. ती जरा गोंधळली.

सोमवार, अमरावती

तिसऱ्या वर्षाच्या सव्वीस-सत्तावीस मुली आणि चार मुलगे. प्रणिता मागच्या बाकावर हजेरीपट घेऊन बसली. मी तीस वर्षं भाषणं देते, पण त्या दिवशी पहिलं वाक्य मनात दोनदा म्हणून मगच खडू हातात घेतला.

फळ्यावर दोन दिवे काढले, त्यांचं चिकटणं काढलं, आणि सांगत गेले. एक मुलगी होती. तिनं मला असं सांगितलं. मी असं म्हणाले. बैठकीतलं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. ते बोलताना मी मागच्या बाकाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या बाकावरच्या सानिया नावाच्या मुलीनं हात वर केला. “मॅडम, थ्या दीदीनं भांडाले पायजे होतं.”

मी म्हटलं, तिनं चारदा प्रयोग केला, तीनदा मला दाखवला. आमच्या कामात भांडायची पद्धत तीच. ऐकायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

“अन् तुमाले सहा वर्सं काहीच नाई वाटलं?”

हे मला कोणीच विचारलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा. मी खरं ते सांगितलं. वाटत होतं. तिनं काम सोडलं तेव्हापासून त्या पिवळ्या उजेडाबद्दल मनात एक शंका होती. तपासायला एक महिना लागला असता. मी तो काढला नाही, कारण काय निघेल याची भीती होती. हे मी मळ्यातही बोलले नव्हते. प्रणितानं हजेरीपटावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

“मंग थे दीदी आता काय करते?” सानियानं विचारलं.

“शिकवते.”

“कोठी?”

मी गप्प राहिले. वचन दिलं होतं. पण गप्प राहणं फार लांबलं, आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी सावकाश मागे वळली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच.

“इकडे काय बघून राहिल्या?” प्रणिता म्हणाली. “समोर बघा.” पण तिचे कान लाल झाले होते, आणि कोणीच समोर बघितलं नाही.

तास संपल्यावर मुलींनी तिला दारातच घेरलं. मी खडूचे हात धुऊन बाहेर व्हरांड्यात थांबले. ती बऱ्याच वेळानं आली. रिक्षापर्यंत सोडायला म्हणून आम्ही दोघी फाटकाकडे चालत निघालो. माझी गाडी चारला होती. फाटकाशी येऊन ती थांबली.

“त्या सानियाला उन्हाळ्यात दोन महिने कुठेतरी चांगल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आहे,” ती मग म्हणाली. “हुशार आहे. पण फार प्रश्न विचारते. जिथे तिथे विचारते, कोणासमोरही. तुमच्याकडे चालेल?”

मी चालेल म्हटलं.

“तिच्याशी मी दर रविवारी फोनवर बोलणार. तुम्हाला विचारणार नाही काही, तिलाच विचारेन.”

मी म्हटलं, विचार. रिक्षा आली होती. तिनं संत्र्यांची पिशवी आत माझ्या पायाशी ठेवली आणि मुली थांबल्यात म्हणून परत फिरली.